मोबाइलवर शेअर बाजार बघताना: भाव कशाचा, बातमी कुठली, मत कुणाचं

बेळगावच्या मार्केट यार्डात रताळी घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला वाटेत कुणी सांगितलं की आज दर चढलाय, तर तो लगेच हुरळून जात नाही. तो विचारतो, कुठल्या मालाला? किती पोत्यांना? सकाळी की आत्ता? आणि हे सांगतंय कोण, अडत्या की चहाच्या गाड्यावरचा माणूस? स्वतःच्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा लेखी हिशेब, हातात पडेपर्यंत तो कुठलाच दर हिशेबात धरत नाही.

हाच माणूस घरी येऊन मोबाइलवर शेअरचे भाव उघडतो तेव्हा हे सगळे प्रश्न विसरतो. मला त्याचं फार वाईट वाटतं. मी उद्यमबागेतल्या दोन-तीन छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहितो. संध्याकाळी ओळखीची माणसं मोबाइल पुढे करतात, "काका, मार्केट पडलं की! आता काय करायचं?" लाल आकडा त्यांना दिसलेला असतो, पण तो कशाचा आहे हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. ॲप उघडतं इंग्रजीत. भाषा बदलायला गेलं तर कन्नड सापडते, हिंदी सापडते, मराठी असेलच असं नाही. मग माणूस वाचायचं सोडून देतो आणि फक्त रंग बघतो.

म्हणून आधी हे समजून घेऊ की त्या छोट्याशा पडद्यावर चार वेगवेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एक भाव. दुसरी घटना, म्हणजे खरोखर काहीतरी घडल्याची बातमी. तिसरं मत, म्हणजे हा शेअर घ्या किंवा विका असं कुणाचं तरी म्हणणं. आणि चौथी जाहिरात. चारही एकाच अक्षरात, एकाच आकाराच्या चौकटीत येतात. कुठली चौकट कशाची आहे हे ओळखता आलं की ॲप वापरायचं निम्मं काम शिकून झालं.

भाव

सर्वात वर सेन्सेक्स आणि निफ्टी असतात. सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांचा एकत्र मोजलेला निर्देशांक. १९७८-७९ या वर्षाची पातळी १०० धरून तो मोजतात. निफ्टीत राष्ट्रीय शेअर बाजारातल्या ५० कंपन्या आहेत, आणि तिथे ३ नोव्हेंबर १९९५ ची पातळी १,००० धरली आहे. या यादीतल्या सगळ्या कंपन्यांना सारखं वजन नसतं. प्रवर्तकांकडचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडचे, शेअर सोडून बाजारात फिरणाऱ्या शेअरांची एकूण किंमत ज्या कंपनीची जास्त, तिचं वजन जास्त. त्यामुळे दोन-तीन मोठ्या बँका पडल्या तरी निर्देशांक लाल होतो. तुमच्याकडे असलेल्या छोट्या साखर कंपनीचा भाव त्याच दिवशी वर असू शकतो, कारण ती त्या यादीतच नाही.

दुसरं म्हणजे अंशांकडे बघू नका, टक्क्यांकडे बघा. "सेन्सेक्स ५०० अंशांनी कोसळला" हे वाचून छातीत धस्स होतं. पण सेन्सेक्स ८०,००० वर असताना ५०० अंश म्हणजे जेमतेम ०.६ टक्के. शंभर रुपयांच्या वस्तूत साठ पैशांचा फरक. "कोसळला" हा शब्द बातमी लिहिणाऱ्याने निवडलेला असतो, आकड्याने नाही.

खरी पडझड कशी असते तेही सांगतो. ४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागत होते, आणि सेन्सेक्स त्या एका दिवसात ४,३८९ अंशांनी, म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास खाली येऊन ७२,०७९ वर बंद झाला. त्याच्या आदल्या दिवशी मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर तो अडीच हजार अंश चढलेला होता. दिवसभर मोबाइल वाजत होते. माझ्या ओळखीच्या दोघांनी दुपारी घाबरून सगळं विकलं. ७ जूनला, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला. पडण्याआधीच्या पातळीच्याही वर. दरवेळी बाजार असाच उसळून परत येतो असं मुळीच नाही, २०२० च्या मार्चमधल्या पडझडीतून सावरायला महिने लागले होते. पण त्या दुपारी दोघांनी जे केलं, ते कंपन्यांकडे बघून केलं नव्हतं, वाजणाऱ्या मोबाइलकडे बघून केलं होतं.

आता यार्डातला प्रश्न: हा भाव कधीचा? बाजार सकाळी ९ वाजून १५ मिनिटांनी सुरू होतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. त्याआधीची पंधरा मिनिटं पूर्व-खुल्या सत्राची. मागण्या गोळा होऊन त्यातून उघडण्याचा भाव ठरतो, म्हणून ९ वाजून ५ मिनिटांनी दिसणारा आकडा इकडे-तिकडे उड्या मारतो. तो मनावर घेऊ नका. पहाटे उठून काही लोक "गिफ्ट निफ्टी" बघतात. तो गुजरातच्या गिफ्ट सिटीतल्या आंतरराष्ट्रीय बाजारातला निफ्टीचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, आहे. आपला बाजार कसा उघडेल याचा तो अंदाज देतो, तुमच्या शेअरचा भाव देत नाही. शिवाय बातम्यांच्या काही ॲपवर भाव थोडा उशिरा येतो. आकड्याखाली बारीक अक्षरात वेळ लिहिलेली असते, ती वाचायची सवय लावा.

आणि किती पोत्यांना? ॲपवर भावाच्या खाली "व्हॉल्यूम" असा एक आकडा असतो. त्या दिवशी किती शेअरांची उलाढाल झाली, तो हा आकडा. छोट्या कंपनीचा भाव पाच टक्के चढलेला दिसतो आणि उलाढाल जेमतेम दोनशे शेअरांची असते. एका पोत्याच्या दराने गाडीभर मालाचा हिशेब कोणी करत नाही, इथेही करू नये. अशा शेअरांना बहुधा अपर सर्किट लागलेलं असतं, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त किती चढू शकतो याची ठरवून दिलेली मर्यादा गाठलेली असते. घेणारे रांगेत आणि विकणारा कोणी नाही. उद्या लोअर सर्किट लागलं की उलटं होतं. तुम्ही विकायला उभे आणि घेणारा कोणी नाही. पडद्यावर भाव दिसत राहतो, पण त्या भावाने पैसे हातात येत नाहीत.

भावाबद्दल आणखी एकच गोष्ट, कारण यावरून मला हरतालिकेच्या दिवशी फोन आला होता. २६ ऑगस्ट २०२५ ला एचडीएफसी बँकेचा शेअर काही ॲपवर निम्म्यावर आलेला दिसत होता. फोनवरच्या मावशींचा आवाज कापत होता. बँकेने एका शेअरला एक बोनस शेअर दिला होता. शेअर दुप्पट झाले, म्हणून प्रत्येकाचा भाव निम्मा झाला. एक भाकरी मोडून दोन तुकडे केले, भाकरी तेवढीच राहिली. बोनसचे शेअर खात्यात दिसायला मध्ये काही दिवस जातात, तेवढ्या काळात ॲप नुकसान दाखवतं. भाव एकाएकी निम्मा, एक पंचमांश किंवा एक दशांश झालेला दिसला, तर आधी "कॉर्पोरेट ॲक्शन" हा भाग उघडून बोनस किंवा विभाजन (एका शेअरचे अनेक छोटे शेअर करणं) आहे का ते बघायचं.

बातमी

आमच्या भागात बसून बातमी कशी वाचायची, हे सांगायला उसाइतकं चांगलं उदाहरण नाही. श्री रेणुका शुगर्सचं नोंदणीकृत कार्यालय बेळगावातच आहे. उगार खुर्दचा उगार शुगर वर्क्स १९३९ पासूनचा. दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या. ज्याच्या शेतातला ऊस यांच्या गव्हाणीत पडतो, त्याला या धंद्याची जेवढी समज आहे तेवढी मुंबईत बसलेल्या कितीतरी लोकांना नसेल. फक्त ती समज ॲपवरच्या मथळ्याला लावता आली पाहिजे.

समजा मथळा आला, "उसाची एफआरपी वाढली". एफआरपी म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला उसासाठी द्यायचा, केंद्राने ठरवलेला किमान दर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला (शंभर किलो उसातून निघणारी साखर) क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली, त्याआधीच्या हंगामात ती ३४० होती. शेतकऱ्याच्या घरात ही आनंदाची बातमी. कारखान्यासाठी मात्र हाच कच्च्या मालाचा खर्च. साखरेचा दर किंवा पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा दर त्या प्रमाणात वाढला नाही, तर त्याचा नफा आटतो. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये झाली आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच थांबली, आणि त्याच काळात एफआरपी दरवर्षी-दोन वर्षांनी वाढत गेली. ॲपवर ही बातमी हिरव्या बाणासह येईल की लाल, याला काही अर्थ नाही. प्रत्येक बातमीला विचारायचं, हे पैसे कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात चालले?

७ डिसेंबर २०२३ ची गोष्ट तर साखरेच्या शेअरांवर डोळा ठेवणारा कोणी विसरलेला नाही. त्या हंगामात साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला मनाई केली. देशभरातल्या साखर कंपन्यांचे शेअर धाडकन खाली आले. आठवड्याभरातच सरकारने थोडी ढील दिली आणि १७ लाख टन साखरेइतका माल इथेनॉलकडे वळवायला परवानगी दिली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नव्या हंगामासाठी ती बंदी उठलीच. इथे बातमी खरी होती, घटना खरी होती. पण ज्याने फक्त पहिला मथळा वाचला आणि ज्याने तिन्ही आदेश वाचले, त्या दोघांच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

तिमाही निकालांच्या बाबतीत ॲप सर्वात जास्त फसवतं. मुद्दाम नाही, पण फसवतं. बरेच मथळे आता यंत्रच तयार करतं: "अमुक कंपनीचा नफा मागच्या तिमाहीपेक्षा ७० टक्क्यांनी घसरला." साखर कारखान्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि साधारण मार्चपर्यंत चालतो. एप्रिल ते जून गव्हाण थंड असते. त्या तिमाहीची तुलना जानेवारी ते मार्चशी केली तर घसरण दिसणारच. वैशाखातल्या विहिरीची तुलना श्रावणातल्या विहिरीशी करण्यासारखं आहे ते. साखर असो, खतं असोत, पंखे असोत, जो धंदा ऋतूवर चालतो त्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करायची. ॲपवर दोन्ही आकडे असतात, एक जवळच्या तिमाहीशी, दुसरा वर्षापूर्वीच्या. दुसरा शोधा.

गावाजवळचा कारखाना डोळ्यांना दिसतो म्हणून कंपनीही दिसते असं समजू नका. बेळगावात हिंदाल्कोचा ॲल्युमिना कारखाना आहे, कितीतरी घरांचं पोट त्यावर चालतं. पण हिंदाल्कोच्या उलाढालीचा मोठा वाटा येतो नॉव्हेलिस या तिच्या अमेरिकेतल्या कंपनीतून. सप्टेंबर २०२५ मध्ये नॉव्हेलिसच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्विगो इथल्या कारखान्यात आग लागली. पुढचे काही आठवडे हिंदाल्कोच्या बातम्यांत तेच नाव येत होतं. बेळगावच्या फाटकावर उभं राहून पाळी सुटताना बघितली असती, तर त्यातलं काहीच कळलं नसतं. तसंच रेणुकाचं: मुनोळीचा ऊस खरा, पण कांडला आणि हल्दियाच्या बंदरांजवळ कच्ची साखर शुद्ध करण्याचे तिचे मोठे कारखाने आहेत.

मग पट्टी कुठे मिळते? राष्ट्रीय आणि मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर, आणि चांगल्या ॲपमध्ये "अनाउन्समेंट्स" किंवा "फायलिंग्ज" या नावाने. कंपनीने महत्त्वाची गोष्ट आधी बाजाराला लेखी कळवायची, असा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. बाजार चालू असताना संचालक मंडळाची बैठक संपली, तर निर्णय ३० मिनिटांत कळवावा लागतो. तिमाहीचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, वर्षाचे ६० दिवसांत. व्हॉट्सॲपवर "कंपनीला मोठी ऑर्डर मिळाली" असं फिरत असेल आणि या पानावर काही नसेल, तर ती यार्डाबाहेरची बोली समजा. राष्ट्रीय शेअर बाजाराचं संकेतस्थळ आता मराठीतही बघता येतं आणि कन्नडमध्येही, पण कंपन्यांची पत्रं मात्र इंग्रजीतच असतात. सगळं पत्र वाचायची गरज नाही. वरची तारीख, "सब्जेक्ट" असं लिहिलेली विषयाची ओळ, आणि आकडा असेल तर तो लाखात आहे की कोटीत. परदेशी बातमीत मिलियन-बिलियन येतात: एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. हे एवढं एका कागदावर लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलं तरी पुरे.

मत, आणि मताच्या वेषातली फसवणूक

"टार्गेट ४५०, आत्ता भाव ३८०, बाय" अशी ओळ दिसली की ती मताची चौकट. दलाली कंपनीच्या विश्लेषकाने काही गृहीत धरून काढलेला तो अंदाज असतो. त्याला वाईट म्हणत नाही, पण एकाच दिवशी एका शेअरवर एक जण घ्या म्हणतो आणि दुसरा विका म्हणतो. असा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा नोंदणी क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी. सेबीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून नाव जुळतं का बघता येतं. आयपीओच्या वेळी, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते तेव्हा, तर मतांचा पूर येतो. हत्तरगीच्या विमान-सुट्याभागांच्या एकस कंपनीचा आयपीओ २०२५ च्या डिसेंबरात आला, तेव्हा आमच्याकडे ज्याच्या-त्याच्या तोंडी "ग्रे मार्केट प्रीमियम" होता, म्हणजे शेअर बाजारात येण्याआधी बाहेरच्या बाहेर त्याला मिळणारा वरचा भाव. तो आकडा कुठल्याही मान्यताप्राप्त बाजारात ठरत नाही आणि त्याची पट्टी कुठेच फाडली जात नाही.

आता जे सांगतोय ते जीव तोडून सांगतोय. आमच्या गल्लीतला एक तरुण, घरचा एकुलता, अशाच एका व्हॉट्सॲप गटात ओढला गेला. गटात रोज कोणीतरी नफ्याचे फोटो टाकायचं. मग एक दुवा आला, त्यावरून ॲप उतरवलं. ॲप अगदी खऱ्यासारखं, भाव पळतायत, नफा वाढतोय. दहा हजार टाकले, बारा हजार परत मिळाले. मग आईचे दागिने गहाण टाकून मोठी रक्कम भरली. काढायला गेला तर म्हणाले, आधी नफ्यावर कर भरा. तो नफा कधी नव्हताच. पडद्यावरचे आकडे समोरचा माणूस हाताने भरत होता.

खरं खातं ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही घेतलेले शेअर दलालाकडे नाही, तर सीडीएसएल किंवा एनएसडीएल या संस्थांमधल्या तुमच्या डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात, असतात, आणि तिथून तुम्हाला थेट संदेश येतो. ॲपवर शेअर दिसतायत पण या दोघींपैकी कुणाकडेच नोंद नाही, तर ते शेअर अस्तित्वातच नाहीत. नफ्यावरचा कर कोणी ॲपवाला पैसे परत देण्याआधी मागून घेत नाही. पैसे भरताना यूपीआयचा पत्ता बघा: ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या दलालांसाठी "व्हॅलिड" शब्द असलेले खास पत्ते आलेत, आणि ते खरे असतील तर हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. एखाद्या माणसाच्या नावच्या बचत खात्यात पैसे भरायला सांगितलं, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका, त्याच तासाला १९३० या सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर केलेल्या सौद्यांबद्दल, फक्त सेबीचाच आकडा सांगतो. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात सौदे करणाऱ्या दर शंभर किरकोळ लोकांपैकी ९३ जणांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. ॲपवर हा भाग लांबलचक यादीत लपलेला नसतो, पहिल्याच पानावर असतो.

माझ्या मोबाइलवर बातम्यांचं ॲप आणि सौद्याचं ॲप वेगळं आहे. बातमीच्या खालीच "खरेदी करा" असं बटण असलं की हात विचाराच्या आधी चालतो. बातम्यांच्या ॲपला संपर्कयादी आणि संदेश वाचायची परवानगी मी दिलेली नाही, त्याला त्याची गरजच नाही. यादीत नऊच कंपन्या आहेत, ज्यांचा धंदा मला चार वाक्यांत सांगता येतो. सगळ्या सूचना बंद आहेत, फक्त त्या नऊंच्या लेखी घोषणांची आणि मी ठरवलेल्या भावाची सूचना चालू आहे. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण साधारण दर दोन महिन्यांनी येतं, त्या सकाळी दहा वाजता तेवढं उघडून बघतो. बाकी दिवशी दुपारी चारनंतर, भाव थांबले की, दहा मिनिटं.

टिळकवाडी, अनगोळ, वडगाव भागातल्या कुणाला हे पहिल्यांदा करताना अडलं, तर संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो. फक्त येताना लाल-हिरव्या आकड्यांचा फोटो आणू नका. कंपनीच्या पानावर जाऊन तिचं शेवटचं पत्र उघडून आणा, आपण शेजारी बसून वाचू.